तळव्याची खबर आणि मेंदूचा हिशेब

आज तंजावरहून बोलतोय. व्यंकोजीराजांपासून इथं मराठी नांदली आणि सरफोजीराजांच्या काळात ती ग्रंथालयात, दरबारात आणि देवळाच्या शिलालेखातही उमटली. त्या इतिहासावर पुष्कळ बोललं जातं. आज विषय वेगळा आहे. तोल.

तंजावरची बाहुली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. खाली गोल, जड बूड आणि वर हलकं अंग. कितीही आडवी करा, ती डोलत डोलत पुन्हा उभी राहते. तिला मेंदू लागत नाही. वजन तळाशी आहे, एवढं तिला पुरतं. आपली रचना नेमकी उलटी आहे. डोकं, छाती, हात, पोट असं सगळं जड सामान वर, आणि खाली दोन पावलांचा अरुंद पाया. अशी वस्तू आपोआप उभी राहू शकत नाही, तिला क्षणोक्षणी सावरावं लागतं. नुसते स्वस्थ उभे असतानाही आपण किंचित पुढं-मागं झुलत असतो आणि मेंदू पोटऱ्यांना, मांड्यांना, कमरेला बारीक बारीक हुकूम सोडत असतो.

वय वाढलं की झोक जातो, असं आपण घरोघरी म्हणतो आणि गप्प बसतो. मला आज एवढंच सांगायचं आहे, की झोक जाण्याचं मूळ पुष्कळदा पायाच्या नसांत असतं. त्या नसा मुक्या झाल्या की त्यांच्या पाठोपाठ मेंदूही बदलतो. त्यातला काही बदल आपल्या बाजूचा असतो, काही आपल्या विरुद्ध. कोणता बदल वाढेल, हे थोडंफार आपल्या हातात असतं, पण वेळेवर लक्ष दिलं तरच.

खबर कुठून कुठून येते

तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते. पहिलं ठिकाण डोळे. दुसरं, कानाच्या आत खोलवर असलेलं यंत्र. डोकं कुठं कललं, कुठं वळलं, हे ते सांगतं. तिसरं ठिकाण म्हणजे तळव्यांची त्वचा, पायाचे सांधे आणि स्नायू. तळव्यावर दाब कुठं पडला, घोटा किती वाकला, गुडघा सरळ आहे की दुमडलेला, ही माहिती तिथून येते. डोळे मिटूनही आपला पाय कुठं आहे हे आपल्याला कळतं ते याच्यामुळं.

यातलं महत्त्वाचं कोण? बहुतेक जण डोळे म्हणतील. पण निरोगी माणूस उजेडात, टणक जमिनीवर उभा असेल, तर त्याच्या तोलाचा सुमारे ७० टक्के भार पायांकडून येणाऱ्या माहितीवर असतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कानाचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास आणि डोळ्यांचा १० टक्क्यांच्या. लष्करात रात्रीच्या हालचालीचं शिक्षण देताना हेच शिकवतात. अंधारात पाऊल टाकताना आधी तळव्यानं जमीन चाचपायची, मग वजन सोडायचं. डोळे बंद पडले तरी तळवा पहारा देतो.

ही खबर वर जाते कशी, तेही पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मणक्यांच्या फटीजवळ, संवेदनेच्या पेशींचे छोटे पुंजके असतात. त्यातल्या एकेका पेशीची एक शाखा थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते आणि दुसरी मज्जारज्जूतून वर मेंदूच्या बुडापर्यंत. म्हणजे एकच पेशी जवळजवळ माणसाच्या उंचीएवढी लांब. तोलाची खबर नेणारे तंतू जाड आणि जलद असतात, ते सेकंदाला पन्नास मीटर आणि त्याहूनही अधिक वेगानं संदेश पोचवतात. दुखण्याची आणि उष्णतेची खबर नेणारे बारीक तंतू त्यामानानं फार संथ. म्हणून एखाद्याला पायाची आग जाणवते, चटका कळतो, पण अंगठा वर केला आहे की खाली हे डोळे मिटून सांगता येत नाही. जाड तंतू गेलेले असतात, बारीक शिल्लक असतात. काहींच्या बाबतीत याच्या उलट घडतं.

तोंड धुताना कळणारा आजार

एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये मोरिट्झ रोम्बर्ग नावाचे डॉक्टर होते. मज्जारज्जूचा मागचा भाग खराब झालेले रुग्ण डोळे उघडे असताना नीट उभे राहतात आणि डोळे मिटताच डगमगतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. आजही ही चाचणी त्यांच्या नावानं ओळखली जाते. दोन्ही पावलं जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. डोळे उघडे असताना ठीक आणि मिटल्यावर कोसळायला होत असेल, तर पायाची खबर वर पोचत नाही आणि माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा आहे, असा संशय घेतात. कानाच्या दोषातही कधी असं होतं, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं.

आपल्या घरात ही चाचणी रोज होत असते. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. देवापुढं डोळे मिटून हात जोडले की अंग पुढं जातं. रात्री दिवा मालवल्यावर पलंगापर्यंत पोचताना भिंत धरावी लागते. घरातलं कुणी असं सांगितलं तर 'चक्कर आली असेल' म्हणून सोडून देऊ नका. चक्कर म्हणजे घर फिरल्यासारखं वाटणं. इथं घर फिरत नाही, पायाखालची जमीनच हरवते.

याचं टोकाचं उदाहरण इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांचं. १९७१ साली, १९ वर्षांचे असताना, एका तापानंतर मानेखालची स्पर्शाची आणि अंगाच्या स्थितीची सगळी जाणीव त्यांनी गमावली. स्नायूंत ताकद होती, पण हात-पाय कुठं आहेत हे कळत नव्हतं. पुढं महिनोन्‌महिने खटपट करून ते बसायला, उभं राहायला आणि अखेर चालायला शिकले. कसे? प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून आणि मनात आखून. दिवे गेले की मात्र ते जागच्या जागी कोसळत. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. नसा परत आल्या नाहीत, चालणं परत आलं. ते काम मेंदूनं केलं.

मेंदूत नेमकं काय होतं

एका चौकीचा बिनतारी संच बंद पडला तर मुख्यालय काय करतं? दुसऱ्या चौक्यांच्या खबरीवर जास्त विसंबतं. मेंदू पहिली गोष्ट हीच करतो. पायांकडून येणारी माहिती अस्पष्ट झाली की तो डोळ्यांना आणि कानाला जास्त वजन देतो. हा बदल चांगला आहे, पण त्याची किंमत आहे. अशा माणसाला अंधारात, गर्दीत, शेजारून ट्रक गेला तर किंवा मोतीबिंदू वाढला तर अडचण येते. उरलेला आधारही डळमळतो.

दुसरा बदल नकाशाचा. मेंदूच्या वरच्या थरात सगळ्या शरीराचा स्पर्शाचा एक नकाशा असतो. हाताला एक जागा, ओठाला एक, पायाला एक. अमेरिकेत मायकेल मर्झेनिच, जॉन कास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. हाताची एक मुख्य नस तोडल्यावर तिची मेंदूतली जागा काही आठवड्या-महिन्यांत शेजारच्या भागांनी व्यापली. जागा रिकामी पडत नाही. चेन्नईत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी पुढं हात गमावलेल्या माणसांत हेच दाखवलं. गालाला स्पर्श केला की काहींना नसलेल्या हाताला स्पर्श झाल्यासारखं वाटे. पाय गमावलेल्या जवानाला नसलेला अंगठा ठणकतो, ते नाटक नसतं. मेंदूतल्या नकाशावर तो पाय अजून शिल्लक असतो.

तिसरा बदल झिजेचा. इंग्लंडमधल्या शेफील्ड इथल्या डॉक्टरांनी २०१४ साली एमआरआयचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेहामुळं पायाच्या नसा खराब झालेल्या रुग्णांच्या मेंदूत, नेमक्या स्पर्शाशी निगडित पट्ट्यात, करड्या द्रव्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. त्यांची तुलना निरोगी माणसांशी होती, तशी मधुमेह असूनही नसा शाबूत असलेल्यांशीही होती. म्हणजे सगळा दोष साखरेवर टाकून मोकळं होता येत नाही. याच गटाला त्याआधी अशा रुग्णांत मज्जारज्जूची जाडीही कमी झालेली आढळली होती. आधी पाय बिघडला की दोन्ही बरोबरच, हे एका वेळच्या छायाचित्रावरून ठरत नाही. पण न्यूरोपथी म्हणजे फक्त पायाचा आजार, ही समजूत आता टिकत नाही.

चौथा बदल तुम्ही स्वतः पाहू शकता. निरोगी माणूस चालतो तेव्हा चालण्याचा विचार करत नाही. नसा गेलेला माणूस प्रत्येक पावलाकडं लक्ष देतो. मेंदूचा विचार करणारा पुढचा भाग चालण्याच्या कामाला जुंपला जातो. मग बोलायचं झालं की तो थांबतो. स्वीडनमध्ये काही संशोधकांनी १९९७ साली दाखवलं, की चालताना कुणी बोललं तर जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या काळात जास्त पडतात. बाबा रस्त्यात उत्तर द्यायला थांबत असतील तर घाई करू नका. थांबू द्या, आणि ती खूण लक्षात ठेवा.

नस आणि मेंदू दोन्ही बरोबर जातात तेव्हा

काही आजारांत मेंदू नसांच्या मागून जात नाही, दोघांवर एकाच वेळी घाला पडतो. 'कॅनव्हास' नावाच्या आजारात संवेदनेच्या नसा, लहान मेंदू आणि कानातलं तोलाचं यंत्र ही तिन्ही हळूहळू निकामी होतात. वर सांगितलेल्या तिन्ही वाटा त्यात अडतात. हा बहुधा पन्नाशीच्या आसपास डोकं वर काढतो आणि पुष्कळांत त्याआधी कित्येक वर्षं कोरडा खोकला असतो. २०१९ साली याचं मूळ 'आरएफसी-१' नावाच्या जनुकातल्या दोषात सापडलं. फ्रीड्राइख अटॅक्सिया हा असाच दुसरा आजार. तो सहसा शाळकरी किंवा किशोर वयात सुरू होतो आणि त्याचं जनुक १९९६ साली सापडलं.

हे दोन्ही आजार आई आणि वडील, दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात. आईवडील स्वतः धडधाकट असतात. तमिळनाडूत मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्नं होत आली आहेत, आपल्याकडंही मामाच्या मुलीशी लग्न अपरिचित नाही. नात्यातल्या लग्नात अशा आजारांची शक्यता वाढते. कुणाच्या रीतीला नावं ठेवण्यासाठी हे सांगत नाही. घरात लहान वयात कुणाचा तोल गेलेला असेल, तर लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा, एवढंच.

आपल्याकडची साधी कारणं

दुर्मिळ आजार बाजूला ठेवू. आपल्या घरांत पहिलं कारण मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के आढळलं, देशात सर्वांत जास्त. मधुमेहींपैकी साधारण निम्म्यांना कधी ना कधी नसांचा त्रास होतो.

दुसरं कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. त्याच्या अभावी मज्जारज्जूचा मागचा भाग, म्हणजे पायाची खबर वर नेणारी वाटच खराब होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी पुणे आणि परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी होतं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी ब-१२ कमी होऊ शकतं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण रक्ततपासणी करून घ्यायची. ही कमतरता लवकर सापडली तर तोल पुष्कळसा परत येतो. उशीर झाला तर इंजेक्शनं घेऊनही सगळं भरून येत नाही. आज सांगितलेल्या गोष्टींत सर्वांत मोलाची हीच.

तिसरं कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. 'नसांच्या ताकदीसाठी' म्हणून घेतलेल्या गोळ्यांत ब-६ जीवनसत्त्व असतं. त्याचे मोठे डोस दीर्घकाळ घेतले तर तेच संवेदनेच्या पेशी मारतं. दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेण्याची ही वस्तू नाही. दारू आणि कर्करोगावरची काही औषधंही नसांना इजा करतात.

मेंदूला शिकवता येतं

तंजावरला एक लोकनृत्य आहे, पोइक्काल कुदिरै आट्टम्, म्हणजे खोट्या पायांच्या घोड्याचा नाच. नर्तक पायांना लाकडी पाय बांधतो, कमरेभोवती घोड्याचा सांगाडा घेतो आणि ढोलाच्या तालावर नाचतो. हा नाच इथं मराठा राजांच्या काळात रुजला असं मानतात. त्याच्या तळव्याला जमीन थेट लागत नाही. लाकडातून येणारा दाब, घोट्याचा आणि गुडघ्याचा कोन, एवढ्यावरच तो गिरक्या घेतो. पहिल्या दिवशी कुणालाही हे जमत नाही, सरावानं मेंदू थोडक्या माहितीत भागवायला शिकतो. त्याच्या नसा शाबूत असतात आणि रुग्णाच्या नसतात, हा फरक मोठा आहे. पण शिकण्याची रीत तीच. थोडी थोडी अडचण, रोज, आणि पडण्याची भीती नसलेल्या जागी.

फिजिओथेरपिस्ट हेच करून घेतात. ओट्याजवळ उभं राहून पावलं जुळवणं, मग एकापुढं एक ठेवणं, मग मान वळवणं. खुर्चीतून हात न टेकता उठणं. तोलाच्या व्यायामांनी ज्येष्ठांचं पडणं कमी होतं, हे अनेक अभ्यासांत सिद्ध झालं आहे.

काठीचंही तसंच. पुष्कळ मंडळींना काठी घ्यायला लाज वाटते. जेका आणि लॅकनर या अमेरिकन संशोधकांनी १९९४ साली दाखवलं, की स्थिर वस्तूला बोटाचं टोक नुसतं टेकवलं, अंगाला आधार मिळणार नाही इतकं हलकं, तरी शरीराचं झुलणं कमी होतं. बोटाला जमिनीचा ठाव लागतो आणि मेंदूला एक नवी खबर मिळते. काठी टेकली की तळव्याचं काम हात करू लागतो. लष्करात म्हणतात, चौकी गेली तर नवी चौकी उभी करा. काठी ही नवी चौकी समजा.

आता करायचं काय

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्या. डॉक्टर नादकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवतात, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला लावून पाहतात. पाच मिनिटांचं काम आहे. ते आपणहून करत नसतील तर 'पाय बघा' असं सांगा. ब-१२, साखर आणि थायरॉईड यांची तपासणी मागा. डोळे तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या, कारण डोळ्यांवर आता दुप्पट जबाबदारी आहे. डोळे मिटून उभं राहण्याची परीक्षा एकट्यानं घेऊ नका, कुणाला तरी शेजारी उभं करा.

घरात पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, अंघोळ स्टुलावर बसून करा. पातळ, टणक तळाची आणि मागं पट्टा असलेली पादत्राणं वापरा, जाड मऊ चपलेत उरलीसुरली खबरही बुडते.

देवदर्शनाला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. बृहदीश्वराचं दगडी प्रांगण विस्तीर्ण आहे आणि दुपारी तव्यासारखं तापतं. पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात. ज्याच्या तळव्याला जाणीव कमी, त्याला चटका कळत नाही आणि संध्याकाळी पायाला फोड दिसतात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, पायात मोजे घाला, घरी आल्यावर तळवे आरशात पाहा. पंढरपूर असो वा शिर्डी, नियम हाच.

आणि लिहून ठेवा. सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह जपलेल्या आहेत. कुणाचा डोळा कसा होता आणि उपचारानंतर कसा झाला, हे दोनशे वर्षांनीही वाचता येतं. आपल्याला एक साधी वही पुरे. झोक कधीपासून जातो, अंधारात वाढतो का, मुंग्या येतात का, कधी पडलात, कोणती औषधं चालू आहेत. सावकाश वाढत गेलेलं दुखणं महिनाभरात वाढलं असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, पायातली ताकद कमी होत असेल, तर वही भरत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नसा एकदा मेल्या की त्या परत आणणारं औषध बहुतेक आजारांत अजून हाती आलेलं नाही. पण वाचलेल्या नसा वाचवता येतात, मेंदूला नवी वाट दाखवता येते आणि घरात उजेड ठेवता येतो. हे व्याख्यान संपलं की घरातल्या ज्येष्ठांना एकच प्रश्न विचारा, तोंडाला साबण लावताना भिंत धरावी लागते का? उत्तर 'हो' आलं, तर या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.